गिटच्या सोर्समध्ये टेस्ट फेल झाली, आता सुरुवात कुठून करायची?

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल, त्याचा सोर्स क्लोन केला, बिल्टिन फोल्डरमधल्या एका फाइलीत तीन ओळी बदलल्या, मेक टेस्ट चालू करून चहा प्यायला गेलात आणि परत येऊन बघता तर स्क्रीनवर "नॉट ओके १७". इथे बरेच जण लॅपटॉप मिटतात आणि परत त्या फोल्डरकडे फिरकत नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण गिटची टेस्ट फेल होते तेव्हा काय बिनसलंय ते ती बऱ्यापैकी नेमकं सांगत असते, तिच्याकडून ते काढून कसं घ्यायचं एवढंच कोणी शिकवलेलं नसतं. मी स्वतः जे करतो ते क्रमाने लिहितोय. कमांड देवनागरीत दिल्यात, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची, आणि गिट_ ने सुरू होणारे व्हेरिएबल सगळे कॅपिटलमध्ये, टेस्ट_ ने सुरू होणारी फंक्शनं मात्र लहान अक्षरांत.

उदाहरण म्हणून माझाच एक छोटा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, घेतो. एरर मेसेजचा पहिला शब्द कॅपिटलने सुरू करायचा नाही असा गिटच्या कोडिंग गाइडलाइन्समध्ये नियम आहे, तर ब्रँचच्या कोडमधल्या एका मेसेजचं पहिलं अक्षर मी लहान केलं. एक अक्षर हो. आणि दोन वेगवेगळ्या फाइलींमधल्या टेस्ट फेल झाल्या.

आधी बघा, हे आपल्यामुळे झालंय का

पहिलं काम म्हणजे आपल्या कोडकडे बघायचंच नाही. आपली ब्रँच ज्या कमिटवरून (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलावरून) निघालीय त्या कमिटवर तीच टेस्ट पास होते का, एवढंच आधी ठरवायचं. "गिट मर्ज-बेस हेड ओरिजिन/मास्टर" म्हटलं की तो कमिट मिळतो, मग "गिट वर्कट्री ॲड ../गिट-बेस" आणि पुढे तो कमिट दिला की शेजारी दुसरं फोल्डर तयार होतं, आपल्या अर्धवट कामाला हात न लावता. तिथे "मेक -जे४" करून टी फोल्डरमध्ये जायचं आणि फक्त ती एक स्क्रिप्ट चालवायची. सगळा संच नको, त्यात हजाराच्या आसपास स्क्रिप्ट आहेत, माझ्या चार कोअरच्या लॅपटॉपवर अर्धा तास सहज जातो.

तिथेही फेल झाली तर दोष तुमच्या पॅचचा नाही, मशीनचा किंवा मास्टरचाच, म्हणजे प्रोजेक्टच्या मुख्य ब्रँचचा. तिथे पास आणि तुमच्याकडे फेल असेल तर तुमच्या पॅचमुळे, पण त्याआधी एक खात्री करा की तुमच्या फोल्डरमध्ये मेक केलं होतं. हे फार वेळा होतं. टेस्ट स्क्रिप्ट स्वतः काही बिल्ड करत नाहीत, वरच्या फोल्डरमध्ये जे बायनरी पडलंय तेच वापरतात, त्यामुळे ब्रँच बदलली आणि मेक विसरलात तर नव्या टेस्ट जुन्या गिटवर चालतात आणि तुम्ही दोन तास नसलेला बग शोधता. मेक करताना डेव्हलपर=१ (कॅपिटलमध्ये) लावायची सवय ठेवा, त्याने कंपायलरच्या वॉर्निंग एरर बनतात आणि काही चुका टेस्टपर्यंत पोचतच नाहीत.

मशीनमुळे होणारे घोळ

गिटची टेस्ट लायब्ररी बरीच काळजी घेते. होम फोल्डर बदलते म्हणजे तुमचं गिटकॉन्फिग मध्ये येत नाही, टाइमझोन यूटीसी करते, भाषा सी लोकेल करते, गिटचे बरेचसे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुसून टाकते. पण गिट_टेस्ट_ ने सुरू होणारे व्हेरिएबल मुद्दाम ठेवते, कारण ते टेस्टसाठीच असतात. मी एकदा शा-२५६ (कमिटची ओळख असलेला हॅश काढायची एक पद्धत) तपासायला गिट_टेस्ट_डिफॉल्ट_हॅश एक्सपोर्ट केला, टर्मिनल तसंच उघडं राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नव्या टेस्टमधला हॅश का जुळत नाही म्हणून अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून काहीही विचित्र दिसलं की मी आधी नवीन टर्मिनल उघडतो.

डॉकरमध्ये काम करत असाल तर बहुतेक वेळा तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेले युजर, असता. रूटला फाइलीच्या परवानग्या अडवत नाहीत, त्यामुळे "ही फाइल वाचता आली नाही तर गिटने एरर द्यावी" अशा टेस्टला अर्थच उरत नाही. म्हणून अशा टेस्टना सॅनिटी नावाची अट लावलेली असते आणि रूट असाल तर त्या गाळल्या जातात. इथे खरी अडचण वेगळी आहे, ती म्हणजे गाळलेली टेस्टसुद्धा "ओके" म्हणूनच छापली जाते, पुढे फक्त "स्किप" असतं. सही करण्याच्या कोडला हात लावलाय आणि मशीनवर जीपीजी हे सहीचं टूलच नाही, किंवा एचटीटीपीवर काम करताय आणि अपाची हा वेब सर्व्हर नाही, तर सगळं हिरवं दिसेल आणि तपासलेलं काहीच नसेल. तेव्हा ओके मोजू नका, स्किप शोधा.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) वापरणाऱ्यांनी क्लोन लिनक्सच्या होममध्ये करावा, सी ड्राइव्हवर नको, तिथे परवानग्यांचं वागणं वेगळं आणि वेग अगदीच कमी. मॅकवर फाइलसिस्टिम साधारणपणे लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, त्याच्यासाठीही टेस्टमध्ये वेगळी अट आहे.

फेल झालेल्या टेस्टशी बोलायचं कसं

आधी नाव वाचा. टी आणि चार आकडे, त्यातला पहिला आकडा घराणं सांगतो. शून्य म्हणजे अगदी पाया, १ म्हणजे ऑब्जेक्ट डेटाबेस, २ वर्किंग ट्री, ४ म्हणजे डिफ, ५ म्हणजे पुल आणि फेच वगैरे, ९ मध्ये बाकीची टूल्स. माझ्या पॅचमध्ये टी३२००-ब्रँच फेल होणार हे अपेक्षितच होतं पण टी२४००-वर्कट्री-ॲड पण फेल, म्हणजे लगेच कळलं की तो मेसेज वर्कट्रीच्या वाटेनेही बाहेर पडतोय. नुसत्या नावावरून एवढं कळतं.

मग ती एकच स्क्रिप्ट अशी चालवा: "./टी३२००-ब्रँच.एसएच -व्ही -आय -एक्स". व्हीने कमांडचं आउटपुट दिसतं, एक्सने शेलची प्रत्येक ओळ अधिकचं चिन्ह लावून छापली जाते, आणि आय म्हणजे पहिल्या फेलला थांब. हा आय फार कामाचा आहे. एक टेस्ट फेल झाली की तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या दहा पण पडतात आणि माणूस शेवटच्या फेलपासून वाचायला लागतो, जे उलटं आहे. शिवाय आय दिलं असेल तर फेल झालेल्या टेस्टची साफसफाई, म्हणजे टेस्ट_व्हेन_फिनिश्डने सांगितलेली कामं, होत नाहीत, त्यामुळे घटनास्थळ जसंच्या तसं राहतं.

आउटपुटमध्ये शेवटची अधिकवाली ओळ बघा, तिथेच गाडी अडलीय. त्याच्या आसपास डिफ दिसला तर तो टेस्ट_सीएमपीचा, म्हणजे दोन फाइली ताडून बघणाऱ्या फंक्शनचा. आधी एक्स्पेक्ट आणि मग ॲक्च्युअल असा क्रम असतो, म्हणजे वजावाली ओळ टेस्टला हवी होती आणि अधिकवाली तुमच्या गिटने दिली. हे उलटं लक्षात राहिलं की सगळा तर्क उलटा जातो, म्हणून एकदा पाठच करून टाका.

आता घटनास्थळी जायचं. टी फोल्डरमध्ये "ट्रॅश डिरेक्टरी.टी३२००-ब्रँच" असं फोल्डर उरलेलं असतं, नावात स्पेस आहे म्हणून सीडी करताना अवतरणचिन्हं लावा. ती स्पेस मुद्दाम ठेवलीय, स्पेसवाल्या पाथवर गिट कोसळत नाही ना हे त्यातून आपोआप तपासलं जातं. टेस्ट पास झाली तर हे फोल्डर पुसलं जातं, तरीही हवं असेल तर -डी द्या. आत गेल्यावर नुसतं गिट टाइप करू नका! ते तुमच्या सिस्टिमचं, वेगळ्या व्हर्जनचं गिट असतं. "../../बिन-रॅपर्स/गिट" वापरा, ते तुम्ही बिल्ड केलेलं. मग लॉग बघा, स्टेटस बघा, जी कमांड अडली ती हाताने चालवा.

स्क्रिप्ट लांबलचक असेल तर --रन वापरा. "--रन=सेटअप,२१" म्हटलं की नावात सेटअप असलेल्या आणि एकविसावी अशाच टेस्ट चालतात. मात्र सगळ्या टेस्ट एकाच रेपोवर एकामागून एक चालतात, तेव्हा एकविसावीला पंधरावीने बनवलेली ब्रँच लागत असेल तर ती वेगळ्याच कारणाने फेल होईल. म्हणून --रनने वेगळा एरर आला तर घाबरू नका, आधीच्या कुठल्या टेस्टवर ती टेकलीय ते वाचा आणि तिचा नंबर यादीत घाला.

आणखी खोलात जायचं असेल तर टेस्टच्या मधोमध टेस्ट_पॉज अशी ओळ घाला, तिथे टेस्ट थांबते आणि तुम्हाला त्याच फोल्डरमध्ये शेल मिळतो, काम झालं की एक्झिट म्हणायचं आणि टेस्ट पुढे सरकते. सी कोडमध्ये शिरायचं असेल तर त्या गिट कमांडच्या आधी नुसतं डीबग लिहा, जीडीबी हा डीबगर उघडतो. दोन्ही ओळी पॅच पाठवण्याआधी काढायच्या, हे विसरलेलं मी बघितलंय.

गिट_ट्रेस, म्हणजे गिट आत काय करतंय ते छापणारा व्हेरिएबल, पण वापरता येतो, फक्त =१ देऊ नका. तसं केलं की ट्रेस स्टँडर्ड एररवर छापला जातो आणि ज्या टेस्ट एररचा मजकूर तपासतात त्या या ट्रेसमुळेच फेल होतात, म्हणजे तपासायला गेलात आणि नवीन गोंधळ करून ठेवलात. त्याऐवजी फाइलीचा पूर्ण पाथ द्या, स्लॅश-टेम्पमधली एखादी फाइल, सगळं तिकडे साठतं.

टेस्ट बदलायची की कोड?

खरा विचार इथे करायचा असतो. डिफ दिसला, अपेक्षित ओळ बदलली, हिरवं झालं, सुटलो, असं करू नका प्लीज. ती टेस्ट कोणीतरी कशासाठी तरी लिहिलीय. "गिट लॉग -एस" (हा एस कॅपिटल) आणि पुढे त्या ओळीतला मजकूर, मग दोन डॅश आणि टेस्टच्या फाइलीचं नाव द्या, ती ओळ कुठल्या कमिटने आणली ते मिळेल. गिटच्या कमिटचे मेसेज लांब आणि प्रामाणिक असतात, आधी काय होतं, का चुकीचं होतं, काय बदललं, सगळं. कितीतरी वेळा त्यात चक्क लिहिलेलं सापडतं की ही टेस्ट अमुक एका बगसाठी आहे, आणि तुमचा सुंदर पॅच नेमका तोच बग परत आणतोय.

माझ्या बाबतीत प्रश्न सोपा होता, मेसेजच बदलायचा होता, म्हणजे अपेक्षा बदलणं बरोबर. पण मग फेल झालेल्या दोनच जागा बदलून थांबायचं नाही. "गिट ग्रेप" करून तो मजकूर टी फोल्डरमध्ये आणखी कुठे आहे ते शोधा, कारण तुमच्या मशीनवर स्किप झालेल्या टेस्टमध्येही तो असू शकतो. आणि टेस्टमधला बदल कोडच्या त्याच कमिटमध्ये ठेवा. आधी कोड आणि पुढच्या कमिटमध्ये टेस्ट असं केलं तर मधला कमिट तुटलेला राहतो आणि पुढे कोणी बायसेक्ट करायला, म्हणजे अर्धे-अर्धे कमिट तपासत बिघडवणारा कमिट शोधायला, बसला की नेमका त्यावर अडकतो. पॅच चार-पाच असतील तर "गिट रीबेस -एक्स" ला मेक आणि तुमची स्क्रिप्ट अशी कमांड द्या, प्रत्येक कमिटवर थांबून तो तपासतो.

आउटपुटमध्ये "नोन ब्रेकेज" असं दिसलं तर तो तुमचा विषय नाही. त्या टेस्ट_एक्स्पेक्ट_फेल्युअरने लिहिलेल्या असतात, म्हणजे बग माहीत आहे, अजून सोडवलेला नाही. उलट त्यातली एखादी अचानक पास व्हायला लागली तर खूश व्हा, तुमच्या पॅचने काहीतरी सुधारलंय, फक्त का सुधारलं ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्वतः लिहिलेली टेस्टच फेल होतेय

नवीन टेस्ट लिहिताना आपण टर्मिनलवर कमांड चालवतो, आउटपुट कॉपी करतो आणि एक्स्पेक्टमध्ये चिकटवतो. भारतात बसून केलं तर त्यात तारखेपुढे +०५३० येतं, आणि टेस्टमध्ये ते कधीच जुळणार नाही. टेस्ट लायब्ररीत टेस्ट_टिक नावाचं फंक्शन आहे, ते कमिटची वेळ ठरवतं. सुरुवात १११२९११९९३ या सेकंदापासून, टाइमझोन -०७००, आणि प्रत्येक टिकला साठ सेकंद पुढे. हा आकडा म्हणजे ७ एप्रिल २००५, गिटच्या स्वतःच्या इतिहासातला पहिला कमिट लिनस टोरवाल्ड्सने केला तो क्षण! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, आजही जगभर कोणीही गिटच्या टेस्ट चालवल्या की घड्याळ त्या दिवशी जाऊन उभं राहतं. तर सांगायचं हे की तारीख आणि हॅश हाताने लिहू नका. हॅश हवा तर टेस्टमध्येच रेव्ह-पार्सने काढा, म्हणजे शा-२५६ वरही चालेल.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे ओळींच्या शेवटचं डबल अँपरसँड. प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला त्याने जोडलेली पाहिजे, एक सुटलं की वरची कमांड फेल होऊनही टेस्ट पास दिसते. त्यासाठी चेनलिंट नावाचा तपासनीस आहे, तो तक्रार करतो तेव्हा त्याला बंद करायचा पर्याय शोधू नका, बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं. पण पाइपमध्ये लपलेली चूक तो पकडत नाही. गिटचं आउटपुट पाइपने डब्ल्यूसीला (ओळी मोजणारी कमांड) दिलं की गिट कोसळलं तरी शेलला शेवटच्या कमांडचाच निकाल दिसतो, म्हणून आधी फाइलीत घ्या, मग टेस्ट_लाइन_काउंटने मोजा. त्यात अजून एक फायदा, मॅकचं डब्ल्यूसी आकड्याआधी स्पेस टाकतं, ती भानगडही टळते.

गिटने फेल व्हावं अशी अपेक्षा असेल तर उद्गारचिन्ह नाही, टेस्ट_मस्ट_फेल वापरा. उद्गारचिन्हाला सेगफॉल्टसुद्धा (मेमरीच्या चुकीने झालेला क्रॅश) "फेल झालं, छान" असाच वाटतो, टेस्ट_मस्ट_फेल मात्र व्यवस्थित दिलेली एरर आणि क्रॅश यात फरक करतं. सेड -आय, इको -एन असले जीएनयूच्या सवयीचे प्रकार तर टाळाच.

कधी पास, कधी फेल

हा सगळ्यात त्रासदायक प्रकार आणि लोक यात परत परत चालवून "आता झाली पास" म्हणून पुढे जातात. तसं करू नका. स्क्रिप्टला --स्ट्रेस द्या, तीच टेस्ट एकाच वेळी अनेक प्रतींमध्ये, फेल होईपर्यंत फिरत राहते, आणि फेल झाली की तिचं ट्रॅश फोल्डर .स्ट्रेस-फेल्ड असं शेपूट लावून बाजूला ठेवते. कायम फिरत राहू नये म्हणून --स्ट्रेस-लिमिटने मर्यादा घाला. अशा टेस्टमागे बरेचदा वेळेचा खेळ असतो, फाइलीचा बदल आणि इंडेक्स लिहिणं एकाच टाइमस्टँपमध्ये पडलं की आकारही तोच असताना फाइल बदललीय का हे नुसत्या स्टॅटवरून ठरवता येत नाही, गिटमध्ये याला रेसी गिट म्हणतात. मध्ये स्लीप टाकून हे झाकू नका, हळू मशीनवर ते परत वर येतं.

माझ्याकडे पास, सीआयवर फेल

गिटहबवर फोर्क करून ब्रँच पुश केली की लिनक्स, मॅक, विंडोज सगळीकडे टेस्ट आपोआप चालतात, यालाच सीआय म्हणतात. लाल झालं तर आधी जॉबचं नाव वाचा, अर्धं उत्तर तिथेच असतं. मॅकचा जॉब असेल तर बीएसडीची सेड-डब्ल्यूसी मंडळी किंवा फाइलसिस्टिम. अल्पाइन लिनक्स असेल तर बिझीबॉक्स, म्हणजे तिथल्या नेहमीच्या कमांडच्या छोट्या आवृत्त्या. नावात टेस्ट-व्हार्स असेल तर वेगवेगळे गिट_टेस्ट_ व्हेरिएबल चालू करून चालवलंय, तेच व्हेरिएबल सीआय फोल्डरमधल्या स्क्रिप्टमधून उचलून आपल्याकडे एका स्क्रिप्टपुरते लावा. लीक्स असेल तर तुमच्या कोडने मेमरी सोडलेली नाही, त्यासाठी "मेक सॅनिटाइज=लीक" (सॅनिटाइज कॅपिटलमध्ये) ने वेगळं बिल्ड करा, शक्यतो वेगळ्या वर्कट्रीमध्ये. फेल झालेल्या टेस्टची ट्रॅश फोल्डर सीआय सोबत ठेवतो, ती उतरवून घ्या. आणि घरी प्रूव्हने (टेस्ट चालवून निकाल मोजणारं टूल) सगळा संच चालवताना तसाच पूर्ण लॉग हवा असेल तर -व्ही नाही, --व्हर्बोज-लॉग, कारण नुसत्या व्हीने प्रूव्हला वाचायचं आउटपुट बिघडतं.

मास्टरच तुटलेला असेल तर

पहिल्या पायरीला बेसवरच फेल झालं होतं आणि मशीनचा घोळ नाही अशी खात्री झाली, तर बायसेक्ट करा. गिटवर गिट बायसेक्ट चालवण्यात वेगळीच मजा आहे. जुना, पास होणारा टॅग गुड, आताचा बॅड, आणि बायसेक्ट रनला छोटी स्क्रिप्ट: आधी मेक, ते जमलं नाही तर एक्झिट १२५ म्हणजे हा कमिट वगळ, जमलं तर टेस्ट. एक अडचण येते, ती टेस्ट जुन्या कमिटमध्ये नसतेच. तेव्हा तिची कॉपी टी फोल्डरमध्येच टी९९९९ असं नाव देऊन ठेवा, कमिट करू नका. अनट्रॅक्ड फाइल चेकआउटमध्ये जागची हलत नाही आणि टेस्ट लायब्ररीही तिला शेजारीच सापडते. कमिट मिळाला की त्याचा हॅश, तुमची ओएस आणि -व्ही -आय -एक्सचं आउटपुट एवढं जोडून कळवा, तुमचा स्वतःचा पॅच अजून तयार नसला तरी.

माझ्या एका अक्षराच्या पॅचचं शेवटी असं झालं की ग्रेपमध्ये तिसरी जागा सापडली, माझ्याकडे स्किप होणाऱ्या टेस्टमध्ये. ती त्याच कमिटमध्ये बदलली, लागणारं पॅकेज टाकून ती स्क्रिप्ट खरोखर चालवली, टेस्ट_पॉज कुठे उरलं नाही ना हे एकदा डिफमध्ये बघितलं, रात्री सगळा संच लावून झोपलो आणि सकाळी पॅच पाठवला.